लेसवाली झेली मार्टिन

नदीकाठ

१२ जुलैला संत लुई आणि संत झेली मार्टिन यांचा सण असतो. दर वर्षी या सुमाराला दोघांबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात एकच ओळख पुढे येते, बाळ येशूच्या संत तेरेजाचे (लिझ्यूच्या मठातली प्रसिद्ध सिस्टर) आईवडील. ओळख खरीच आहे. तेरेजाचं नाव झालं म्हणून या घरातली पत्रं जपली गेली, नाहीतर आपल्याला ही माणसं कळलीही नसती. पण झेलीची जी बाजू मला सगळ्यांत जवळची वाटते, ती या ओळखीखाली पार झाकून जाते. ही बाई धंदा करणारी होती. माल, ऑर्डरी, उधारी, कामगार, ठरलेल्या तारखेला माल पोचवायची धास्ती, हे सगळं तिनं आयुष्यभर अंगावर घेतलं. म्हणून हा धागा.

झेली गेराँचा जन्म २३ डिसेंबर १८३१चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, आलाँसों गावाजवळचा. तिला सिस्टर व्हायचं होतं. आलाँसोंच्या रुग्णालयात सेवा करणाऱ्या धर्मभगिनींकडे ती गेली, पण त्यांनी तिला घेतलं नाही. मग पोटापाण्यासाठी तिनं गावातलीच कला धरली. आलाँसोंची सुईनं विणलेली लेस तेव्हाही प्रसिद्ध होती. राजा चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं १६६५ मध्ये राजाश्रय देऊन जी लेसची केंद्रं उभी केली, त्यांतलं हे एक. झेली हे काम शिकली आणि १८५३च्या अखेरीस, वयाच्या बाविशीत, बहिणीच्या साथीनं रू सें-ब्लेझ या रस्त्यावरच्या घरातून तिनं व्यवसाय सुरू केला. पुढे काही वर्षं तिनं दुसऱ्या एका लेसघराचंही काम केलं, मग पुन्हा स्वतःचं.

या व्यवसायाची रीत अशी होती. लेस विणणाऱ्या बायका आपापल्या घरी काम करायच्या. झेली नक्षी आणि दोरा द्यायची, कोणाला कुठला भाग द्यायचा ते ठरवायची. गुरुवारी बायका तयार तुकडे घेऊन यायच्या, नवं काम घेऊन जायच्या. आलेले तुकडे एकमेकांना जोडायचं काम झेली स्वतः करायची आणि ते सगळ्यांत अवघड. वीतभर लांबीचे तुकडे असे जोडायचे की सांधा कुठे आहे ते डोळ्यांना दिसता कामा नये. खिडकीशी बसून ती रात्री उशिरापर्यंत हे काम करायची. पहाटे साडेपाचची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मात्र चुकवायची नाही.

१३ जुलै १८५८ला तिचं लुई मार्टिनशी लग्न झालं. लुई घड्याळजी. त्यालाही तरुणपणी मठात जायचं होतं, आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात, पण लॅटिन येत नाही म्हणून तिथून परत यावं लागलं. रू द्यू पों-नफवर त्याचं दुकान होतं. नऊ मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. उरलेल्या पाचही मुली पुढे सिस्टर झाल्या.

तिची दोनशेहून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. बरीचशी लिझ्यूला राहणाऱ्या भावाला आणि भावजयीला, पुढे शाळेत असलेल्या मुलींना लिहिलेली. त्या पत्रांत देव आहे, मुलांची दुखणी आहेत, आणि पानोपानी लेसची कटकट आहे. एका पत्रात ती म्हणते त्याचा आशय असा : या लेसनं माझं जगणं कठीण केलंय, ऑर्डरी जास्त आल्या की मी गुलाम होते आणि ऑर्डरी नसल्या की इतक्या कष्टानं मिळवलेल्या कामगार बायकांना दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे पाठवावं लागतं, तेव्हा जीव तुटतो. स्वतःचा छोटा धंदा केलेल्या कोणीही हे वाचावं. नफातोट्याची काळजी आणि माणसांची काळजी तिच्या लेखी एकच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिचं संतपण चर्चमध्ये गुडघे टेकून जितकं घडलं तितकंच गुरुवारी आलेल्या बायकांसमोर बसून घडलं. तिला आठवायचं तर तिच्या कामासकट आठवावं. वाचलेलं असेल ते इथे लिहा, वेगळं मत असेल तर तेही लिहा.

शिंपला

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या आईच्या देव्हाऱ्यात तेरेजाची तसबीर होती, तिची आई लेस विणायची एवढंच कानावर होतं. "विणायची" आणि "व्यवसाय चालवायची" यात किती अंतर आहे ते आज कळलं.

एक विचारते. त्यांचं दुकान होतं का? गिऱ्हाईक येऊन लेस विकत घ्यायचं का?

नदीकाठ

शिंपला, आपण समजतो तसं दुकान नव्हतं. घरातली पुढची खोली हेच कार्यालय. लेस अतिशय महाग, ती घेणारी गिऱ्हाइकं पॅरिससारख्या ठिकाणची. लग्नानंतर पॅरिसला जाऊन ऑर्डरी आणणं, विक्री, हिशेब हे काम हळूहळू लुई बघायला लागला. १८७० मध्ये तर त्यानं घड्याळांचं दुकान पुतण्याला विकलं आणि पूर्णवेळ बायकोच्या व्यवसायात आला. त्या काळात बायकोचा धंदा नीट चालावा म्हणून नवऱ्यानं आपला धंदा सोडणं! यावर लोक फारसं बोलत नाहीत, मला मात्र ते फार मोठं वाटतं.

रेशीमधागा

मी भरतकाम आणि लेसकाम करते, म्हणून त्या कलेबद्दल जरा सविस्तर लिहिते. त्याशिवाय झेलीताईंचा दिवस कसा जात असेल याचा अंदाज येणार नाही.

आलाँसोंची लेस ही सुईची लेस. खाली कापड विणलेलं नसतं, जाळीसुद्धा सुईदोऱ्यानं हवेतच बांधायची. आधी नक्षी चर्मपत्रावर घेऊन रेषेवर बारीक भोकं पाडतात. त्याखाली दुहेरी कापड लावतात. मग भोकांच्या कडेनं दोरा टाचून नक्षीची बाह्यरेषा काढतात. त्यानंतर जाळी, मग पानाफुलांचं भरीव काम, मग मधल्या रिकाम्या जागेतले शोभेचे टाके. शेवटी बाह्यरेषेवर काजाच्या टाक्यांची उठावदार कड, तिच्यात घोड्याचा केस घालायची पद्धत होती म्हणून ती ताठ राहते. सगळं झालं की कापडाच्या दोन थरांमधून पातं फिरवून टाचलेले दोरे कापायचे, तेव्हा लेस सुटी होते. उरलेली दोऱ्याची टोकं चिमट्यानं एकेक उपटायची.

यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या बाईच्या हातचा. एकीनं जाळीच करायची, दुसरीनं कडच. २०१० मध्ये युनेस्कोनं ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. एक चौरस सेंटिमीटर लेसला सुमारे सात तास लागतात, असं तिथल्या नोंदीत म्हटलं आहे. बोटाच्या नखाएवढी जागा आणि अख्खा दिवस!

आता विचार करा. इतक्या हातांखालून आलेले तुकडे झेलीताईंपुढे यायचे. एखादीचा टाका घट्ट, एखादीचा सैल. कुठे दोरा तुटलेला, कुठे डाग. ते दुरुस्त करायचं आणि मग जोडायचं. जोडताना हात थरथरला, दोरा ओढला गेला तर अनेक बायकांची कित्येक दिवसांची मेहनत वाया. ही जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकली नाही. मोठी ऑर्डर पुरी करताना माझी पाठ आणि डोळे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. त्यांचं तर घरात मूल रडतंय, एक आजारी आहे, स्वयंपाकघरात मोलकरीण विचारतेय काय करू, आणि हातात ही लेस.

उंबरठा

रविवारच्या सुट्टीची गोष्ट राहिली. लुईचं घड्याळाचं आणि दागिन्यांचं दुकान रविवारी बंद असायचं. रविवारीच खेड्यापाड्यांतली माणसं गावात यायची, लग्नाच्या अंगठ्या वगैरे त्याच दिवशी घ्यायची. बाकीचे सराफ दुकान उघडं ठेवायचे. बाजूचं दार तरी उघडं ठेव, असं जवळच्यांनी त्याला सुचवलं. त्यानं ऐकलं नाही. झेलीनं पत्रात लिहिलंय की आपल्या घराला जी बरकत आली ती नवऱ्यानं रविवार पाळल्यामुळेच, दुसरं कारण तिला दिसत नाही.

माझे वडील दुकानदार होते. आठवड्याचा सगळ्यात जास्त विक्रीचा दिवस सोडायचा म्हणजे काय ते घरातल्यांना कळतं. त्यात "श्रद्धा" वगैरे शब्द नंतर येतात, आधी गल्ला दिसतो. म्हणून मला लुई फार खरा वाटतो.

आणि रविवारी झेली काय करायची? सायंप्रार्थना झाली की तिच्या कामगार बायकांपैकी कोणी आजारी असेल तर तिच्या घरी जायची. काही हवंनको बघायची. कामाच्या बायकांना घरच्यासारखं वागवावं असं तिचं म्हणणं होतं आणि ती तसं वागायची.

मारवा

सगळे भरभरून लिहिताहेत, मी थोडं वेगळं बोलतो. राग मानू नये.

एकोणिसाव्या शतकातला लेसउद्योग कामगार बायकांसाठी फार सुखाचा नव्हता. मंद उजेडात बारीक काम, डोळ्यांची वाट, तुकड्यावर मजुरी, ऑर्डर नाही तर काम नाही. श्रीमंतांच्या पोशाखावरची लेस गरिबांच्या डोळ्यांतून निघायची. झेली चांगली मालकीण असेल, पण त्या व्यवस्थेची ती मालकीणच होती. दुसरं, तिची काही बाळं दाईकडे वाढली आणि त्यांतलं एक दाईच्या हलगर्जीपणामुळे दगावलं असं मी वाचलंय. "कुटुंबाला वाहिलेली" म्हणताना हे सोडून देऊ नये.

नदीकाठ

मारवा, राग कसला. हे बोलल्याशिवाय धागा अर्धवटच राहिला असता.

मजुरीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती व्यवस्था झेलीनं बनवली नव्हती, पण ती तिच्यातच जगत होती. तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं. कामाचे पैसे वेळेवर द्यायचे, मंदीत बायकांच्या पोटाची काळजी करायची, आजारपणात घरी जायचं. एवढ्यानं सगळा अन्याय मिटत नाही. तरी ज्या बाईच्या दारात ती रविवारी उभी राहत असेल, तिला ते थोडं वाटत नसणार.

दाईचा मुद्दा जास्त खोल आहे. १८६७ ते १८७० या काळात झेलीची चार मुलं गेली. दोन तान्हे मुलगे, दोघांचंही नाव जोसेफ. मग पाच वर्षांची एलेन. मग मेलानी-तेरेज, दाईकडे उपाशी राहून अवघ्या काही आठवड्यांची असताना गेली ती. छातीच्या त्रासामुळे झेलीला धाकट्या मुलांना अंगावर पाजता येत नव्हतं, म्हणून दाई शोधावी लागे. बाटलीचं दूध तेव्हा बाळाच्या जिवावर बेतायचं. व्यवसायासाठी तिनं मुलं दूर ठेवली असं म्हणणं मला पटत नाही, पण व्यवसाय आणि मुलं यांच्यात ती पिळवटून निघाली हे तिच्याच पत्रांत आहे. तेरेजाच्या वेळी ती रात्रभर घाबरलेली होती, पहाट होताच सेमाले गावापर्यंत पायी गेली आणि रोझ ताये नावाच्या दाईला घेऊन आली. ते बाळ रोझच्या शेतावर वर्षभर राहिलं आणि वाचलं.

सांजवेळ

रोझचा उल्लेख आलाच आहे तर एक छोटा प्रसंग. रोझ लोणी विकायला आलाँसोंच्या बाजारात यायची तेव्हा तेरेजाला आईकडे सोडायची. बाळ किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं. तिला रोझसारखे साधे कपडे घातलेल्या बायका लागायच्या, चांगल्या कपड्यांतल्या बायकांना बघून ती आणखी रडायची. लेसवाल्या कामगार बायकांकडे मात्र जायची. शेवटी झेलीनं मोलकरणीबरोबर तिला बाजारात रोझकडे पाठवून दिलं, आणि रोझ दिसल्याबरोबर बाळ हसायला लागलं. पुढे जिला जगभर देवळं-चर्चं अर्पण झाली ती पोर बाजारात लोण्याच्या टोपल्यांमध्ये खूश बसलेली. आई म्हणून झेलीला काय वाटलं असेल? पण पत्रात तिनं तक्रार केलेली नाही, हसत-हसत लिहिलंय.

शिंपला

वाचून डोळे भरून आले. दोन बाळांना एकच नाव… पहिला गेल्यावर दुसऱ्याला तेच दिलं.

गावासाठी त्यांनी काय केलं, त्याबद्दलही कोणी लिहा ना.

उंबरठा

शिंपला, घटना बऱ्याच आहेत, एकच सांगतो. १८७५च्या सुमाराला आठेक वर्षांची एक मुलगी त्यांच्या पाहण्यात आली. सिस्टरांसारखा वेष घालून दोन बायका शिकवण्याच्या नावाखाली तिला ठेवून घेत होत्या, प्रत्यक्षात तिला मारत होत्या, उपाशी ठेवत होत्या. झेलीनं आधी चोरून तिला खायला दिलं, मग प्रकरण लावून धरलं. त्या बायकांनी उलट झेलीवरच आरोप केले. पोलिसांपुढे जबाब झाले. झेली मागे हटली नाही, मुलगी तिच्या आईकडे परत गेली तेव्हाच थांबली. धंदा करणाऱ्या माणसाला गावात वाद नको असतो, गिऱ्हाईक तुटतं, नाव खराब होतं. सिस्टरांचा वेष घातलेल्यांविरुद्ध तक्रार करायची, तीही स्वतः रोज मिस्साला जाणाऱ्या बाईनं! मला तिची भक्ती या प्रसंगात सगळ्यांत स्पष्ट दिसते.

लुईबद्दल : स्टेशनवर फिटचा आजार असलेला एक माणूस घरी जायला पैसे नाहीत म्हणून अडकला होता. लुईनं आपली टोपी काढली, आधी स्वतः पैसे टाकले आणि मग प्रवाशांसमोर फिरवली. गावातला प्रतिष्ठित माणूस हातात टोपी धरून उभा.

मारवा

मुलीची गोष्ट मला माहीत नव्हती. धन्यवाद. माझा आक्षेप व्यवस्थेवर होता आणि आहे, पण या बाईबद्दलचा आदर वाढला.

युद्धाच्या काळात धंद्याचं काय झालं?

नदीकाठ

फ्रान्स-प्रशिया युद्धात जानेवारी १८७१ मध्ये आलाँसों पडलं. मार्टिनांच्या घरात नऊ जर्मन सैनिक उतरवले होते. घरात मुली, वरच्या मजल्यावर सैनिक, लेसच्या ऑर्डरी ठप्प. लेस ही चैनीची वस्तू, युद्ध आलं की आधी तिची मागणी जाते. मागच्याच वर्षी दोन मुली गेलेल्या. त्यातून घर उभं राहिलं. युद्धानंतर ते सगळे रू सें-ब्लेझवरच्या घरी राहायला आले, आणि २ जानेवारी १८७३ला तेरेजा तिथेच जन्मली. ते घर आज तीर्थस्थान आहे.

रेशीमधागा

शेवटच्या आजारात त्या काम करत होत्या का? कोणाला माहीत असेल तर सांगा. मला हे फार दिवसांपासून विचारायचं होतं.

सांजवेळ

होय, काम चालूच होतं. छातीतली गाठ बरीच वर्षं होती. १८७६च्या शेवटी डॉक्टरांना दाखवलं तेव्हा शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं सांगितलं गेलं. फेब्रुवारी १८७७ मध्ये ल माँच्या मठात सिस्टर असलेली तिची बहीण वारली, जिच्या साथीनं तिनं धंदा सुरू केला होता तीच. जूनमध्ये झेली तिन्ही मोठ्या मुलींना घेऊन लूर्दला गेली, आजारी माणसं बरं व्हायच्या आशेनं जातात त्या तीर्थस्थानी. बरी झाली नाही. परतल्यावर मुलींचीच समजूत काढत बसली. तिला स्वतःपेक्षा लेओनीची काळजी जास्त होती. ही तिसरी मुलगी वागायला अवघड, शाळेतून परत पाठवलेली. आईच्या शेवटच्या काही महिन्यांत कळलं की घरातली मोलकरीण लेओनीला धाक दाखवून मुठीत ठेवत होती. त्यानंतर झेलीनं मुलीला सतत जवळ ठेवलं, आणि लेओनी आईपाशी मोकळी झाली. आपण हिच्यासाठी अजून थोडं जगलो पाहिजे, असं झेली लिहिते.

२८ ऑगस्ट १८७७ला, मध्यरात्रीनंतर, झेली गेली. पंचेचाळीस वर्षांची होती.

शिंपला

आणि लेओनीचं पुढे?

सांजवेळ

मठात जाण्याचे तिचे प्रयत्न पुनःपुन्हा फसले, पण शेवटी १८९९ मध्ये काँ इथल्या व्हिजिटेशन या धर्मभगिनींच्या संघाच्या मठात ती गेली आणि तिथेच राहिली. १९४१ मध्ये वारली. तिच्या संतपदाची प्रक्रियाही २०१५ पासून सुरू आहे. झेलीला ज्या मुलीची सगळ्यांत जास्त चिंता होती, तीच.

उंबरठा

तारखा हव्या असतील त्यांच्यासाठी : दोघांना १९ ऑक्टोबर २००८ला लिझ्यूला धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, आणि १८ ऑक्टोबर २०१५ला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये संत. पतिपत्नीला एकत्र संतपद देण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वेळी रोममध्ये कुटुंब या विषयावर बिशपांची परिषद भरली होती.

रेशीमधागा

एक शेवटची शंका. झेलीताई गेल्यावर लेसचा व्यवसाय कोणी चालवला? मोठी मारी सतराची, पोलीन सोळाची होती ना?

नदीकाठ

मुलींनी चालवला नाही. लुईच्या मेव्हण्यानं, म्हणजे झेलीच्या भावानं, आग्रह केला की मुली आईविना आहेत, लिझ्यूला आमच्याजवळ या. लुईची सगळी माणसं, आई, मित्र, चर्च आलाँसोंला, तरी मुलींसाठी तो तयार झाला. नोव्हेंबर १८७७च्या मध्याला मुली मामाबरोबर लिझ्यूला गेल्या. लुई मात्र काही दिवस मागे राहिला, कारण लेसच्या व्यवसायाची आवराआवर बाकी होती. ती उरकून महिनाअखेरीस तो मुलींकडे गेला.